तात्या आणि ब्रेकचा दिवा

मी इंजिनियर झालो तो माझ्या चुलत्यांमुळे, तात्यांमुळे. वालचंदनगरच्या कारखान्यातल्या आपल्या क्वार्टरमध्ये ठेवून घेऊन त्यांनीच मला शिकवलं. उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की माझी जुनी, आत झोपायची सोय असलेली कॅम्पर व्हॅन आठवते. एकदा तिच्यातून तात्यांना नरसिंहपूरला नेत होतो आणि गाडीचा वेग आपोआप एकसारखा ठेवणारा क्रूझ कंट्रोल बारामतीपासून काही केल्या लागत नव्हता. गाडी कडेला घेऊन फ्यूज बदलला, वायरी उसकटल्या. "साहेब, आदी मागं जाऊन ब्रेकचा दिवा बघा की," तात्या तिसऱ्यांदा म्हणाले; मी इंजिनियर झाल्यापासून ते मला साहेबच म्हणत. "तात्या, तुम्हाला यातलं कळत नाही," मी खेकसलो. "व्हय बाबा," म्हणून ते गाडीत जाऊन बसले. आठवड्यानं गॅरेजवाल्यानं पेडलमागचं झिजलेलं रबर दाखवलं. त्यामुळे ब्रेकचा स्विच दाबला जात नव्हता; पाय नसतानाही ब्रेकचा दिवा पेटलेला राहायचा आणि ब्रेक मारलाय असं समजून क्रूझ लागत नव्हता. त्याच संध्याकाळी मी तात्यांना पत्र टाकलं: "दिवा पेटलेलाच होता. मी उतरून बघायला हवं होतं."