दहाच्या डोक्यावरचे बारा

"एक हजार बारा!" भौतिकशास्त्राच्या सरांनी माझ्या फ्लेक्सवर बोट ठेवलं आणि माईकमध्येच हसले. सभागृह हसलं.

अमरावतीचं कॉलेज. विज्ञान प्रदर्शन. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, अकोटच्या बौद्धपुऱ्यातून आलेली. विषय ताऱ्यांची अंतरं. एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ गुणिले दहाचा बारावा घात, इतके किलोमीटर. दहाच्या डोक्यावर बारीक बारा. छापणाऱ्यानं ते बारा खाली उतरवून दहाला चिकटवले. झाले एक हजार बारा.

"साडेनऊ हजार किलोमीटर! याहून लांब तर माझा मुलगा विमानानं जातो. अमेरिकेला."

मी म्हटलं, "सर, छपाईची चूक हाय. नऊ लाख शेहेचाळीस हजार कोटी किलोमीटर पाहिजे."

"हाय?" माझा शब्द त्यांनी माईकवर घोळवला. "आणि लाख-कोटी? हा सरकीचा बाजार नाही. ट्रिलियन म्हणतात." मग पाहुण्यांकडे वळून, माईक तोंडाशीच ठेवून, "सवलतीत सीट मिळते हो. डोकं नाही मिळत."

टाळ्या. माझ्या वर्गातल्या पोरींच्याही.

वाक्य त्यांच्या तोंडून किती सराईत निघालं! पानाची पिंक टाकावी तसं.

वर त्यांचा हात माझ्या खांद्यावर. "वाईट वाटून घेऊ नकोस. गंमत केली."

"हात काढा."

"काय?"

"हात काढा, सर. फ्लेक्सची चूक मी दुरुस्त करीन. तुमी जे बोलले, थे छपाईची चूक नव्हती."

मी मार्कर घेतला, एक हजार बारा खोडले, वर दहा काढले, त्याच्या डोक्यावर बारा. समोर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरी बसल्या होत्या. त्यांना वऱ्हाडीतच समजावू लागले.

"खाली बस," सर म्हणाले.

"नाई बसत."

त्यांनी माझ्यासमोरचा माईक बंद केला. मी ओरडून सांगितलं. शेवटपर्यंत.

पुढे प्रात्यक्षिकात सरांनी मला काठावर पास केलं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकीनंही नंतर तोंड उघडलं नाही.

आज अकोल्यात भौतिकशास्त्र शिकवते. कोटीही सांगते, ट्रिलियनही. वर्गात कोणी कोणाच्या बोलीला, जातीला हसलं, तर तास थांबवते. हसणाऱ्याला उभं करते आणि विचारते, काहून हसला? उत्तर येईपर्यंत पुढे जात नाही.

मागच्या आठवड्यात उभा केला तो संस्थाध्यक्षांचा नातू होता. प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, जरा समजून घ्या."

"समजलंय, म्हणूनच उभा केला," मी म्हटलं. "उद्या हसला, तर उद्याही करीन."