भुवयांमधली फट

पंजकेंत शहरातल्या आपल्या घराच्या अंगणात सानोबरआजीनं उस्म्याची पानं चुरगाळून हिरवा रस वाटीत पिळला. कापूस गुंडाळलेली काडी त्यात बुडवून ती नातीच्या, निगोराच्या, दोन्ही भुवया रंगवत मधोमध जोडू लागली.

“हलू नकोस गं, माकडे! फट राहिली की नवरा लांबचा मिळतो.”

निगोराला राहवेना. “मग तू कशी गं डोंगरापलीकडून, तीन दिवस गाढवावर बसून आलीस?”

“आई आजारी होती. भुवया माझ्या मीच रंगवल्या, तेही आरशाशिवाय!” आजी फणकारली. “पण माझ्या तिन्ही पोरींची फट मी स्वतः बुजवलीय.”

“खरंच उपयोग होतो?”

तेवढ्यात भिंतीपलीकडून निगोराची आई ओरडली, “आई, रस संपवू नकोस, मी येतेय!”

पाठोपाठ शेजारच्या दोन घरांतून दोन्ही मावश्या ओरडल्या, “आम्हीपण!”