मालगाडीवाले मिस्टर हॉल

मिस्टर हॉल आपली चाकांची पिशवी कधी हिसक्यानं ओढत नसत. आधी दांडा हलकेच ताणायचे, पिशवी हलली की मगच पाऊल टाकायचे. हॅनोव्हरच्या आमच्या जिन्याशी मी ते पाहत उभी होते, तेव्हा इंग्रजीत म्हणाले, "मिसेस साठे, मालगाडीवाल्याचा मुलगा आहे मी."

मुलांनो, तुमचा मामा दिवसभर ऑफिसात असतो आणि मला जर्मन येत नाही. इमारतीत माझ्याशी बोलणारे तेवढेच. ब्रिटिश फौजेतून आले, इथल्या मुलीशी लग्न करून राहिले. ती गेल्यावर एकटे होते. त्यांचे वडील गेल्या शतकाच्या आरंभी बांधलेली मालगाडीची वाफेची इंजिनं चालवत. काळी, लांबलचक, दोन्ही बाजूंना चार-चार चाकं दांड्यानं जोडलेली. मागच्या वाघिणींना, म्हणजे मालडब्यांना, जोडणाऱ्या साखळ्या सैल असत. इंजिन झटक्यानं निघालं, तर शेवटच्या डब्यातला गार्ड आपटायचा.

"दिमाखाची इंजिनं प्रवाशांना," ते म्हणत, "आमच्या वाट्याला कोळसा. आणि पार मागे एक माणूस. त्याला विसरायचं नाही."

तसंच एक छोटं, खरोखर वाफेवर चालणारं इंजिन त्यांनी तळघरात वर्षानुवर्षं खपून घडवलं होतं. गुडघे थकले, वृद्धाश्रमात खोली मिळाली. तिथे इंजिनाला परवानगी नव्हती. ते आपल्या मुलीनं, साबिनानं, न्यावं एवढीच त्यांची इच्छा.

साबिना रविवारी वोल्फ्सबुर्गहून आली. अंगणात रूळ मांडले, इंजिनामागे साखळ्यांनी छोटे डबे जोडले. वरून शेजारी ओरडले, "हेर हॉल, आज रविवार आहे, आवाज करायचा नसतो."

"गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे 'बरोबर, बरोबर' म्हणत मिस्टर हॉलनी बर्नर पेटवला.

"लहानपणी मला तळघरात येऊ देत नव्हतास, पपा," साबिना माझ्यासाठी इंग्रजीत म्हणाली. "आता मी हे घेऊन काय करू?"

"हात ठेव इथे."

तिनं वाफेचा दांडा एकदम ओढला. साखळ्या खणखणल्या, शेवटचा डबा कलंडला.

"बघ, मला नाही जमत."

"मला वडिलांनी शिव्या घातल्या होत्या. मी तुला घालत नाही. चल, पुन्हा ओढ."

या वेळी तिनं दांडा केसभर सरकवला. एकेक साखळी ताणली गेली. शेवटचा डबा कधी निघाला, कळलंच नाही. साबिना वाकून त्याच्याबरोबर चालत राहिली. मिस्टर हॉल तिच्याकडेच पाहत होते.

इंजिन तिच्या गाडीतून गेलं. पुढच्या आठवड्यात मिस्टर हॉल वृद्धाश्रमात राहायला गेले, आणि जिन्यात माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नाही. हिवाळ्यात साबिनाचा फोन आला, पपा वारले म्हणून. मग तिनं विचारलं, "ते तुमच्याशी रोज काय बोलायचे?"

मी सांगत गेले. सांगून संपलं, तरी फोन ठेवायची घाई आम्हा दोघींपैकी कुणालाच नव्हती.