यंत्राच्या कपाळावरचं कुंकू

माझा आवाज एवढा मोठा, की मी येळ्ळुरात सत्तावीसचा पाढा म्हटला तर बेळगावच्या बाजारात गिऱ्हाइकं घासाघीस थांबवून ऐकतात. खोटं वाटत असेल तर आमच्या गडाला विचारा. त्याचे दोन चिरे माझ्याच पाढ्यांनी हललेत.

अशा माणसाच्या वर्गात एका संस्थेनं महिनाभरासाठी गणित शिकवणारा रोबोट आणून ठेवला. कमरेएवढा उंच, गोल डोक्याचा, आणि बोलणं असं मऊ की लोणी लाजावं. मला राग आला.

नवी वस्तू आली की आमच्याकडं पूजा होते, मग ट्रॅक्टर असो नाहीतर मिक्सर. शाळेत भात शिजवणाऱ्या आक्कांनी नारळ फोडला आणि यंत्राच्या कपाळावर मधोमध ठसठशीत ओलं कुंकू लावलं. कॅमेरा नेमका तिथंच होता.

"मला फळा दिसत नाही. कुणी वाचून दाखवेल का?" रोबोट म्हणाला.

वर्ग खिदळला. आणि चौथीतली एक मुलगी उठली. गणिताच्या तासाला तिनं दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं. कारण मला ठाऊक होतं. दुसरीत तिची वजाबाकी उलटी झाली, तेव्हा मी त्यावर असा किस्सा रंगवला की पोरं हसून बाकाखाली गेली. फार जमलेला किस्सा होता तो.

ती रोबोटाजवळ गेली आणि आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं बोलू लागली. "पाचशे दोनातनं एकशे अठ्ठ्याहत्तर घालवायचेत, आप्पा. दोनातनं आठ जात न्हाईत. शेजारी शून्य हाय, त्याच्याकडं काय न्हाय. त्याच्या पलीकडच्या घरी जाऊया."

तीनशे चोवीस. बरोबर.

कुंकू पुसायला ओलं फडकं माझ्या टेबलावरच होतं. मी आठ दिवस ते हरवल्याचं सोंग केलं. आयुष्यातल्या माझ्या साऱ्या थापांमध्ये एवढी एकच कुणाच्या कामी आली असेल. ती रोज उठायची, आप्पाला फळा सांगायची, आणि सांगता सांगता गणित सुटायचं.

नवव्या दिवशी संस्थेचा माणूस आला, हसला आणि कुंकू पुसून गेला. रोबोटाला फळा लख्ख दिसू लागला. आता त्याला कुणी सांगायची गरज उरली नाही. मुलगी मान खाली घालून बसली.

रात्रभर विचार केला. दुसऱ्या दिवशी एका पोराकडनं फळ्यावर सातशे तीन वजा दोनशे पंचेचाळीस लिहून घेतलं आणि डोळे चोळत तिला म्हणालो, "चष्मा घरी राहिलाय गं. काय लिहिलंय ते सांगतीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग सदऱ्याकडं. "खिशात हाय की, सर."

पोरं हसली. या खेपेला माझ्यावर. मी चष्मा खिशातच राहू दिला.

ती बाकावरनं उठली. मग फळ्यापाशी आली.

"सातशे तीन," ती म्हणाली. "मधी शून्य हाय, सर. जरा हळू चला."