तीन मात्रांची मोकळी जागा

देव सदरा घालत नाही. निदान आमच्या कोडोलीतला तरी घालत नाही; लहानपणापासून त्याच्या पाया पडत आलेय, मला ठाऊक आहे. एवढी साधी गोष्ट भरल्या सभागृहात उभं राहून सांगायची वेळ माझ्यावर आली, आणि ती सांगितली म्हणून निम्मी भावकी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. नाही बोलली तर नाही बोलली.

मी कोल्हापुरात, शाहूपुरीत, भावगीतांचे वर्ग घेते. खाली दुकानं, वर माझी खोली. खालून टेम्पोचे हॉर्न आणि वरून माझी पेटी, दोघंही एकमेकांना दबत नाहीत. ज्या गाण्यावरून हे सगळं झालं ते माझ्या आईचं. आईला आम्ही अव्वा म्हणतो. ती कानडी मुलखाच्या शिवेवरची. माहेरी कानडी, सासरी मराठी. माहेरी भावाच्या पेटीवर चोरून बोटं फिरवता फिरवता शिकली, तेवढंच तिचं शिक्षण. तिनं आयुष्यात एकच गाणं रचलं, शब्द तिचे आणि चालही तिची, आणि ते मराठीत रचलं, कारण ज्यांच्यासाठी रचलं त्यांना कानडी येत नव्हतं.

ते म्हणजे माझे अप्पा. अप्पा शाहूपुरीतल्या एका अडत दुकानात गुळाच्या सौद्याचं काम बघायचे. आठवडाभर दुकानामागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी फटफटीवरून कोडोलीला यायचे. अव्वा कोडोलीत, सासू-सासऱ्यांजवळ. नवं लग्न, घरात माणसं, दारात म्हशी. आठवडाभर वाट बघायची आणि माणूस आला की डोक्यावरचा पदर सावरत त्याला पाट मांडायचा, बोलायचं काहीच नाही. त्यातून हे गाणं झालं:

सांज सरेना, वाट भरेना,
यावे आता… यावे आता…

चूल धुमसते, धूर बहाणा,
डोळे पुसता कुणी पुसेना…

गूळ दरवळे सदऱ्यामधुनी,
ओळखते मी पाउल दुरुनी…

आता मला सांगा, यात देव कुठं आहे?

पण देव आला, आणि तो कसा आला हे अव्वानंच मला सांगितलंय. एकदा चुलीपुढं ती हे गुणगुणत होती आणि मागं सासू येऊन उभी राहिली. सासूनं विचारलं, "कुणासाठी म्हणतीस गं हे?" आता झाली का पंचाईत! आमच्यात बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. अव्वाचं तर इतकं कडक, की कुठल्याही कचेरीत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की ती मला कोपरानं ढोसायची, 'तू सांग'. खोटं बोलवेना आणि खरं उच्चारता येईना, म्हणून तिनं सासूला सांगितलं, "देवासाठी." सासू हरखली. सून बघा कशी भाविक! पुढच्याच सोमवारी तिनं ते गाणं भजनातल्या बायकांना शिकवायला लावलं. अव्वानं शिकवलं. काय करणार?

भजनात गेल्यावर गाण्याचे जे हाल झाले ते हाल मला सहन होत नाहीत, कारण मी गाणं शिकवते. घरात कुणी नसलं की अव्वा तांदूळ निवडत निवडत मूळ चालीत ते म्हणायची. ती चाल मी तिच्या मांडीशी बसून ऐकलीय. पिलू रागाच्या अंगाची चाल आहे. पिलूत कोमल गंधारही चालतो आणि शुद्धही. राग मोकळ्या मनाचा. अव्वानं सगळं गाणं कोमल गंधारावर ठेवलंय, अंगावर गोधडी ओढून पडल्यासारखं. आणि 'सदऱ्यामधुनी' या एका शब्दावर, फक्त तिथं, शुद्ध गंधार लागतो. दार उघडून कुणी आत यावं तसा तो सूर येतो. माणूस आला, त्याच्या अंगाचा वास आला, इतकं सगळं एका सुरात. मी मोठमोठ्या संगीतकारांची गाणी शिकवते, पण इतका नेमका लागलेला शुद्ध गंधार मी फार ठिकाणी ऐकलेला नाही. आई म्हणून सांगत नाही. आई म्हणूनही सांगते, माझं काय जातंय!

दुसरी गंमत 'यावे आता'ची. ही ओळ घरी येत नाही. षड्ज म्हणजे सुरांचं घर, तिथं प्रत्येक चाल शेवटी टेकते. ही ओळ षड्जाच्या एक पायरी खाली, मंद्र निषादावर जाऊन थांबते आणि तिथंच उंबऱ्याबाहेर लोंबकळत राहते. ताल दादरा, सहा मात्रांचा. 'यावे आता' म्हणून होतं आणि सम येते. सम म्हणजे जिथं गाणारा आणि तबलजी दोघं भेटतात ती जागा. तिथं लोक दाद देतात, माना डोलावतात. अव्वाच्या गाण्यात नेमकं तिथं कुणीच नसतं. समेपासून तीन मात्रा नुसता ठेका वाजतो, आणि मग पुन्हा 'यावे आता'. मी वर्गातल्या मुलींना सांगायची, बघा, सम आली आणि भेटणारं माणूस आलंच नाही, याला म्हणतात विरह. मोठ्या ऐटीत सांगायची.

भजनी मंडळाला ती मोकळी जागा बघवेना. त्यांनी तिथं 'शंभो' घातला. पण शंभो दोन अक्षरी, तो तीन मात्रांत नीट बसेना, म्हणून त्यांनी ठेकाच बदलून टाकला. दादरा गेला, आठ मात्रांचा भजनी ठेका आला. लोंबकळणारा निषाद ओढून षड्जावर बसवला. आणि शब्द? 'गूळ दरवळे सदऱ्यामधुनी' याचं झालं 'धूप दरवळे गाभाऱ्यातुनी'. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या श्रावणात मंडळानं ठरवलं, की अव्वाचा सत्कार करायचा, कोल्हापुरात हॉल घेऊन, तिथं मी ते गाणं गायचं आणि त्याचं रेकॉर्डिंग करून इंटरनेटवर टाकायचं. पत्रिकेवर तिच्या नावापुढं छापलं 'शिवभक्त कवयित्री'. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे काका, अप्पांचे धाकटे भाऊ. माणूस वाईट नाही. अव्वाच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात बाकावर दिवसभर तेच बसून होते. म्हणूनच मी भांडायला त्यांच्या घरी गेले. परक्याशी कोण भांडतंय?

"काका, हे गाणं देवाचं नव्हे. अप्पांचं आहे."

"आगं काय बोलतीस! आख्खी कोडोली भजनात म्हंती की ते."

"मूळ ओळीत गुळाचा वास आहे, काका. अप्पांच्या अंगाला यायचा तो."

"मग? निवदाला गूळ असतोय की!"

"आणि सदरा?"

काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "म्हणून तर आमी गाभारा केला."

मला हसू आलं आणि त्यांना राग आला. मग खरं काय ते बाहेर पडलं. "आमच्या घरातली बाई नवऱ्यावर गाणी रचती, हे स्टेजवरनं सांगू व्हय? आनि ते बी आता, दादा गेल्यावर, ह्या वयात? लोक तोंडात शेण घालतील. गानार असशील तर मंडळाच्या चालीवर गा. न्हायतर नुस्ता सत्कार हुईल, गानं न्हाय."

माणूस जिवंत असताना त्याचं नाव घ्यायचं नाही, कारण तो नवरा. माणूस गेल्यावर त्याची आठवण काढायची नाही, कारण आता वय झालं. मग बाईनं त्याच्यावर प्रेम करायचं कधी? हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, चहा घे.

एकदा रेकॉर्डिंग झालं की ते गाणं कायमचं गाभाऱ्यात जाणार होतं. अव्वाच्या पश्चात मूळ चाल जाणणारी मी आणि माझ्या वर्गातल्या चार पोरी, आमचं कोण ऐकणार? मी तडक अव्वाकडं गेले. ती दारात शेंगा फोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. देवाचं म्हणून तरी लोक म्हंत्यात. माझं म्हणून कुणी म्हटलं असतं?"

 मला तिचा राग आला, तिच्या सासूचा आला, सबंध कोडोलीचा आला. मी म्हणाले, "मी म्हणते की." तिनं एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले.

गायला येते एवढंच मी काकांना कळवलं, कुठल्या चालीवर ते नाही. सत्काराच्या दिवशी हॉल भरला होता. कोडोलीहून टेम्पो भरून बायका आल्या होत्या. अव्वा स्टेजवर खुर्चीत, अंगावर शाल, मांडीवर नारळ. काकांनी भाषणात तिला संतांच्या रांगेत बसवलं. मग मंडळाच्या बायका मागं उभ्या राहिल्या, रेकॉर्डिंगवाल्यानं खूण केली, आणि मी पेटी पुढं ओढून तबलजीला म्हणाले, "दादरा."

तबलजीनं काकांकडं बघितलं.

"तिकडं काय बघतोस? दादरा धर." आणि मी माईक हातात घेतला. "देव सदरा घालत नाही," मी म्हणाले. लोक हसले, त्यांना वाटलं विनोद आहे. मग मी सगळं सांगितलं. शनिवारची फटफटी, गूळ, सासूचा प्रश्न, शुद्ध गंधार, सगळं. पेटीवर सूर दाबून दाखवले. शेवटी समेवरची ती जागा दाखवली आणि म्हणाले, "ह्या तीन मात्रा मोकळ्या आहेत. माझ्या आईनं त्या जाणूनबुजून मोकळ्या सोडल्यात. तिथं कुणी काही घालायचं नाही. देवालासुद्धा नाही."

आता कुणी हसत नव्हतं. पुढच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "यव्वा, हे काय गं बाई!" मी गायला सुरुवात केली. 'यावे आता' झालं, सम आली आणि मागच्या दोघी-तिघींनी सवयीनं 'शंभो' म्हटलंच. दादऱ्यात तो अडखळला आणि मध्येच पडला. काका ताडकन उठले. "बंद कर ते. रेकॉर्डिंग बंद करा वो, पावणं!"

"भाऊजी, बसा खाली."

हे अव्वा म्हणाली. तिनं आयुष्यात काकांना 'बसा' म्हटलं असेल ते जेवायला. काका बसले. तिनं मांडीवरचा नारळ उचलून खाली ठेवला आणि माझ्याकडं हात केला. मी माईक तिच्या तोंडापाशी धरला.

"तू लई सांगितलंस," ती मला म्हणाली. "आता पेटी धर नुस्ती."

मी पट्टी खाली घेतली. तिचा आवाज फाटलेला होता, श्वास पुरत नव्हता, पण चाल जशीच्या तशी. सांज सरेना, वाट भरेना. यावे आता. निषादावर येऊन ती थांबली. सम आली.

आणि समेवर तिनं अप्पांचं नाव घेतलं.

उखाणा नाही, काही नाही. नुसतं नाव, षड्जावर, मोकळ्या गळ्यानं. तीन अक्षरी नाव आहे. एका मात्रेला एक अक्षर, आणि तिसरं अक्षर संपतं तिथं पुन्हा 'यावे आता' सुरू होतं. कणभर जागा उरली नाही. इतकी वर्षं मी ज्याला विरह म्हणून शिकवत होते तो विरह वगैरे काही नव्हता. ती जागा अप्पांच्या मापानं शिवलेली होती.

माझी बोटं पेटीवर तशीच राहिली. ती मात्र थांबली नाही. अंतरा म्हणून परत धृपदावर आली की परत नाव. 'सदऱ्यामधुनी' म्हणताना शुद्ध गंधार थोडा चढा लागला, लागू दे. मागून आता 'शंभो' आला नाही. काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि खाली मान घालून बसले होते. त्यांच्या भावाचं नाव त्यांच्या वहिनीच्या तोंडून, उखाण्याशिवाय, तेही पहिल्यांदाच ऐकत होते. रेकॉर्डिंग कुणीच बंद केलं नव्हतं.

नंतर व्हायचं ते झालंच. कुणी म्हणालं, म्हातारीला चळ लागला. कुणी म्हणालं, पोरीनं शिकवून ठेवलं होतं. मंडळानं ते रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकलं नाही. मी टाकलं. सोमवारच्या भजनात ते गाणं आता होत नाही, आणि माझ्या वर्गात होतं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते घ्यायचा हक्क तिचा.

त्या दिवशी परत कोडोलीला जाताना गाडीत अव्वा माझ्या शेजारी होती, नारळ पुन्हा मांडीवर. मी फुरंगटून म्हणाले, "मला कधीच का सांगितलं नाहीस, त्या जागेवर नाव आहे म्हणून?"

"तू इच्चारलंस कुठं? तू सांगतच हुतीस."

मग ती बाहेरचा ऊस बघू लागली. मी विचारलं, "देवाला राग येईल, असं नाही वाटलं?"

"देवाला कशापायी राग?" अव्वा म्हणाली. "त्याला हजार नावं हायत. ह्यांना एकच हुतं."