मैलापूरच्या शाळेतलं भात

कनका टीचर मैलापूरच्या सरकारी मुलींच्या शाळेत शेती शिकवायच्या, आणि त्या शाळेत शेती करायला वीतभर जमीन नव्हती. अकरावी-बारावीला कृषिशास्त्राचा गट होता, त्याची पुस्तकं होती, भिंतीवर नांगराचं आणि गांडुळाचं चित्र होतं. मुली पाठांतर करून पास व्हायच्या आणि पुढं टी. नगरच्या साड्यांच्या दुकानात नोकरीला लागायच्या. टीचरना वाईट वाटायचं, पण त्या रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. घराणं तंजावरकडचं मराठी. बोलायला खणखणीत, हसायला त्याहून मोठ्या. बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान गिरीधरराव म्हणायचे, "हिच्या वर्गात रोपं नाहीत म्हणून ही मुलींनाच खतपाणी घालते."

मग एका वर्षी राज्य सरकारनं शाळांतल्या कृषी गटांना निधी दिला. बियाणं, अवजारं, मुलींना बाहेरची शेतं दाखवायचा प्रवासखर्च, सगळं सरकारचं. अट एकच. शाळेच्या आवारात शेत हवं. ते नसेल तर निधी परत जाणार, आणि गटही बहुधा बंद होणार.

"शेत कुठून आणू? गच्चीवर?" मुख्याध्यापिका रंजनी मॅडम वैतागून म्हणाल्या.

"मागं आहे की," कनका टीचर म्हणाल्या.

मागं म्हणजे शाळेच्या पाठीमागचा खोलगट कोपरा. पावसाळ्यात तिथं तळं साचायचं, बेडूक ओरडायचे, आणि त्या आवाजात गणिताचा तास बुडायचा. तो कोपरा राडारोड्यानं भरून वर सिमेंट ओतायचं ठरलं होतं.

"तिथं पाणी तुंबतं हो!"

"म्हणून तर भात लावायचं. भाताला आणखी काय हवं?"

"आणि डास?"

"मासे सोडू. डासांची अंडी खाऊन खाऊन लठ्ठ होतील."

रंजनी मॅडमना हसू आलं, आणि एकदा हसू आलं की त्यांना नाही म्हणता येत नसे. सिमेंटचं काम थांबलं. मुलींनी कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, फुटक्या बाटल्या, कुणाची तरी एकच चप्पल, असा सगळा कचरा उपसला. रोपं तयार झाली.

नेमक्या लावणीच्या दिवशी गजेंद्र पाटोळे शाळेत आले.

हे विट्याकडचे. देवळाच्या तळ्याजवळच्या गल्लीत त्यांचं सोनं गाळायचं, म्हणजे गलाईचं, छोटं दुकान. त्यांची यामिनी अकरावीत कृषी गटात होती, आणि ही गोष्ट त्यांना आदल्या रात्री जेवताना कळली होती. पांढरास्वच्छ शर्ट घालून, ओठ घट्ट मिटून ते वर्गाच्या दारात उभे राहिले आणि मुलीचं नाव गटातून काढा म्हणून मोडक्या तमिळमध्ये भांडायला लागले.

टीचरनी त्यांचं आडनाव ऐकलं आणि मराठीतच म्हणाल्या, "या, बसा हो. पोरगीला कां काढता? काय जालं, सांगा मला."

गजेंद्ररावांचा राग अर्धा तिथंच विरघळला. "बाई, तुम्ही तर आमच्या खापरपणज्याचं मराठी बोलता की!"

"आमचे लोक तेव्हांच आले इकडं. नवीन मराठी कोण आणून देणार आम्हांला? सेरी, बरं, आतां सांगा."

"काय सांगू? आमच्याकडं माळरान. शेतीत राम नाही म्हणून वडील गाव सोडून इथं आले. आता पोरगी शिकून सवरून परत मातीत हात घालणार? लोक हसतील आम्हाला."

"हसूं देत. चला, दाखवतें."

त्या त्यांना मागं घेऊन गेल्या. गुडघाभर चिखलात शाळेच्या मुली ओळीनं वाकल्या होत्या. युनिफॉर्म वर खोचलेले, वेण्या डोक्यावर बांधलेल्या. यामिनी सगळ्यांत पुढं होती. वडिलांना पाहून ती घाबरली नाही, उलट तिनं ओरडून सांगितलं, "आप्पा, बांधावर उभे राहू नका, ओला आहे तो!"

पण गजेंद्रराव उभे राहिलेच होते. पाय सटकला आणि ते सगळ्या पांढऱ्या शर्टासकट चिखलात बसले. आधी कनका टीचर हसल्या, मग यामिनी, मग सगळ्या मुली, आणि शेवटी खुद्द गजेंद्रराव.

"आता भिजलोच आहे," ते म्हणाले, "तर एक मूठ द्या इकडं. आम्ही ज्वारीवाले. भात कधी लावलं नाही."

त्यांनी लावलेली ओळ सापासारखी वाकडी गेली. मुलींनी ती तशीच ठेवली. यामिनीला गटातून काढायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. जाताना मात्र त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "पुढं कॉलेजचं कसं असतं, बाई?"

"कोइमतूरचें कृषी विद्यापीठ. सरकारी शाळेच्या पोरांस राखीव जागा आहेत. फीस सरकार देतें. पोरगीनं मार्क तेवढे आणावे."

कार्तिकात, म्हणजे तिकडच्या ऐन पावसाळ्यात, पाऊस असा कोसळला की शाळेला सुट्टी द्यावी लागली. टीचर घरी खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होत्या. गिरीधरराव म्हणाले, "जाऊन बघूंच, चल. तुझा जीव इथं नाही." दोघं छत्री घेऊन गेली, तर गल्लीतल्या पाच-सात मुली आधीच येऊन बादल्यांनी पाणी बाहेर फेकत होत्या. कुंपणाशी गजेंद्रराव एक भाड्याचा पंप घेऊन त्याच्याशी झटापट करत होते. पंप खोकला, थुंकला आणि एकदाचा सुरू झाला. गिरीधररावांनी आयुष्यात पहिल्यांदा पँट दुमडली. पाणी उतरलं तेव्हा काही रोपं आडवी झाली होती. बाकीची चिखलानं माखून का होईना, उभी होती.

पोंगलच्या, म्हणजे तिकडच्या संक्रांतीच्या, तोंडावर कापणी झाली. कृषी खात्याचे अधिकारी आले, त्यांच्या हातात मुलींनी विळा दिला. त्यांना तो नीट धरता येईना. मग यामिनीनं त्यांना तो कसा धरायचा ते दाखवलं, आणि तेही न लाजता शिकले. नव्या तांदळाचा गोड पोंगल शाळेच्या अंगणात शिजला. भांडं उतू गेलं, तो शुभशकुन, तसा मुलींनी एकच गलका केला. रंजनी मॅडम दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही मागू हा निधी. अर्ज मी स्वतः करते."

बारावी झाल्यावर यामिनीला कोइमतूरला प्रवेश मिळाला. तिला सोडायला सगळं घर स्टेशनवर गेलं, आणि गजेंद्रराव गल्लीत प्रत्येकाला थांबवून सांगत सुटले. आता कुणी हसलं नाही. आणि हसलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं.

कृषी गटात त्या वर्षी मुलींना जागा पुरेना. पहिल्याच दिवशी टीचर नव्या मुलींना घेऊन मागच्या शेताकडं निघाल्या. नंदिता नावाची एक बुटकी मुलगी बांधाच्या अलीकडंच थांबली.

"टीचर, इथं साप असतात?"

"असतात की. तुझ्याआधीपासून राहतात ते. चल, चप्पल काढ."

नंदितानं चप्पल काढली, डोळे मिटले आणि चिखलात पाय टाकला. मग एक डोळा उघडून तिनं खाली पाहिलं.

"गार आहे!" ती किंचाळली, आणि दुसरा पायही टाकला.