वाटीखालची चिठ्ठी

मधुकाका केळापुऱ्यांच्या गॅरेजमध्ये मी पहिल्यांदा गेलो तो गवत कापायचं मशीन मागायला. डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या, भाड्याच्या घरात येऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. अंगणातलं गवत घोट्याच्या वर आलं होतं, आणि कोपऱ्यावरच्या घरात कोणी नागपूरचे डॉक्टर राहतात एवढीच माहिती हाताशी होती.

गॅरेजचं दार सताड वर सरकवलेलं होतं. आत गाडी नव्हती. दोन घडीच्या खुर्च्या होत्या, एक भला मोठा फ्रीझर होता, फ्रीझरवर रेडिओ, आणि रेडिओशेजारी पालथी घातलेली स्टीलची एक वाटी. एका खुर्चीत लुंगीवर बेसबॉलची टोपी घातलेले गृहस्थ बसले होते आणि दुसरीत गुडघे उघडे टाकलेला एक गोरा म्हातारा. मी 'नमस्कार' म्हणायला तोंड उघडलं, तोवर टोपीवाल्यांनी माझ्या हातात कागदाचा चिटोरा आणि बॉलपेन ठेवलं.

"लवकर लिही. ठेवायचा का काढायचा?"

"कोणाला?"

"पिचरला बाप्पा, आणखी कोणाला? आठवी इनिंग आहे."

मला बेसबॉल कळत नाही, असं मी नम्रपणे सांगितलं.

"मॅनेजरलाही कळत नाही. लिही."

मी 'ठेवायचा' लिहिलं. आपण नवखे, आपल्यामुळे कोणाच्या पोटावर पाय नको, एवढाच माझा विचार. काकांनी वाटी उचलली, आतल्या दोन चिठ्ठ्यांवर माझी टाकली आणि वाटी पुन्हा पालथी घातली. मॅनेजरनेही पिचर ठेवला. पुढचाच बॉल समोरच्याने असा काही भिरकावला की रेडिओवरचा माणूस ओरडायचाही थांबला. काकांनी समारंभपूर्वक वाटी उचलली. त्यांच्या चिठ्ठीत 'काढायचा' होतं. त्या संध्याकाळी मी मशीन घेऊन घरी आलो ते मूर्ख ठरून, पण मॅनेजरच्या बरोबरीने. परदेशात इतक्या लवकर इतक्या मोठ्या माणसाची बरोबरी कोणाला मिळत नाही.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की त्यातला पिचर म्हणजे आपला बोलर. फरक असा, की तो दमेपर्यंत एकटाच टाकत राहतो, आणि त्याला बाहेर काढला की त्या दिवसापुरता तो संपला, परत येत नाही. कधी काढायचा हे मॅनेजर ठरवतो. घाई केली तरी लोक शिव्या देतात, उशीर केला तरी देतात. अख्खी अमेरिका दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉफी पीत त्या माणसाची अक्कल काढत असते. आमच्या ऑफिसातही तेच चाले. मधुकाकांना हे अजिबात मान्य नव्हतं. अक्कल काढणं त्यांना मान्य होतं, दुसऱ्या दिवशी काढणं मान्य नव्हतं.

काका भूलतज्ज्ञ होते. साठच्या दशकाच्या शेवटी नागपूरच्या सरकारी दवाखान्यातून ते इथे आले. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "पेशंट शुद्धीवर आल्यावर सगळेच डॉक्टर. भूल द्यायच्या आधी बोल." म्हणून ही वाटी. ज्याला मॅनेजरला नावं ठेवायची असतील त्याने आधी चिठ्ठी लिहायची, वाटीखाली सरकवायची आणि मग जे होईल ते बघायचं. चिठ्ठी नसेल त्याला तोंड उघडायचा हक्क नाही. हा नियम त्यांनी शेजारच्या वॉल्टरलाही शिकवला होता. वॉल्टर म्हणजे तो उघड्या गुडघ्यांचा म्हातारा. आयुष्यभर त्याने पोस्टमनकी केली होती, आणि पोस्टमनची श्रद्धा अशी, की निघालेल्या माणसाने शेवटच्या घरापर्यंत जावं. त्यामुळे त्याच्या चिठ्ठीत कायम 'ठेवा'. काका त्याला म्हणत, "वॉल्टर, तू एकच चिठ्ठी लॅमिनेट करून आण ना यार."

काकांच्या चिठ्ठ्या मात्र विचारपूर्वक असत. टीव्हीवर सामना असला की ते पिचरचा बॉल बघतच नसत, छाती बघत. "तोंडाने श्वास घेऊन राहिला. संपला हा," असं ते पुटपुटत आणि चिठ्ठी लिहीत. लिहीत म्हणजे कोरत. नागपूरच्या दवाखान्यात एका कागदाखाली तीन कार्बन घालून लिहायची सवय लागलेली, ती अमेरिकेतही गेली नव्हती. औषध कंपन्यांनी फुकट दिलेल्या पॅडवर ते असं दाबून लिहीत की फ्रीझरवर चरे पडले होते. शशीकाकू म्हणायच्या, "माझ्या फ्रीझरवर यांनी ताम्रपट लिहिलाय."

आणि चुकले तर? चुकतच असत, वरचेवर. एकदा त्यांनी 'काढा' लिहिलं, मॅनेजरने ठेवला, आणि त्या दमलेल्या पिचरने ओळीने तिघांना गारद केलं. वॉल्टर खुर्चीत खुदखुदायला लागला. काका उठले, वाटी उचलली, स्वतःची चिठ्ठी खणखणीत आवाजात वाचली, टोपी काढली आणि रेडिओसमोर हात जोडून म्हणाले, "माफ कर बाबा, तुझंच बरोबर होतं." चिठ्ठी लपवली नाही, गिळली नाही, 'माझ्या म्हणण्याचा अर्थ असा होता' असं काही केलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याची गरज पडणार आहे.

वाटी नुसती बेसबॉलपुरती राहिली नाही. मंडळाच्या गणपतीला हॉल किती वाजता उघडेल, नाटकात कोण कोणत्या अंकात विसरेल, सगळं वाटीखाली जाई. मी लग्न ठरवायला पुण्याला गेलो तेव्हाही काकांनी एक चिठ्ठी लिहिली होती आणि ती तीन आठवडे वाटीखाली ठेवून काकूंना वाटीला हात लावू दिला नव्हता. परत आलो तेव्हा माझ्या बायकोच्या हातानेच त्यांनी ती उघडवली. आत लिहिलं होतं, 'महिन्याभरासाठी गेला आहे, पहिल्याच मुलीला हो म्हणेल.' ही चिठ्ठी माझ्या बायकोने अजून जपून ठेवली आहे. भांडणात उपयोगी पडते.

इतक्या मजेच्या माणसावर घरातलं एक माणूस मात्र नाराज होतं. त्यांची मुलगी मीनल. ती इथेच जन्मलेली आणि शाळेच्या सॉफ्टबॉल टीमची पिचर. काकांना याचा अभिमान इतका, की तिचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही. आणि घात तिथेच झाला. परतताना स्टेशन वॅगनमध्ये पुढच्या सीटवर बसून काका सुरू होत. चौथ्या इनिंगमधला तो बॉल, पाचव्या इनिंगमधला तो पाय. पोरगी मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून ऐकत असे. जिंकली तरी हेच, हरली तरी हेच. चिठ्ठी आधी लिहिलेली असल्यामुळे काकांना वाटे, आपण न्यायानेच बोलतो आहोत. शेवटच्या वर्षी मीनल एकदा गाडीतच म्हणाली, "बाबा, नो मॅनेजिंग. प्लीज." काका पुढचा सिग्नल येईपर्यंत गप्प राहिले. सिग्नल सुटल्यावर पुन्हा पाचव्या इनिंगवर आले.

मग तो शेवटचा सामना आला. मे महिना होता, शाळेचं वर्ष संपत आलं होतं. एका कॉलेजने मीनलला त्यांच्या टीममध्ये जागा देऊ केली होती. काकूंचं म्हणणं, आता खेळ पुरे, मेडिकलचं बघावं. मीनलचं काही ठरत नव्हतं. आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात माझ्या बायकोला तिने इंग्रजीत सांगितलं, की उद्या गाडीत बाबा एक अक्षर जरी बोलले ना, तर मी खेळाचा हातमोजा कायमचा ठेवून देणार. आयुष्यभर मागच्या सीटवर बसून आपल्या चुका ऐकायच्या नाहीत मला. बायकोने मला सांगितलं, मी काकांना सांगितलं. काका बराच वेळ टोपीची कड चाचपत बसले. मग म्हणाले, "वाटी आणत नाही. बस?"

वाटी खरंच आणली नाही. काकूंनी शंकरपाळ्यांचा डबा दिला होता तेवढा मांडीवर. मी शेजारी. ओहायोत मे महिन्यातही थंडी अशी, की बाकाची पट्टी पँटमधून चावत होती. सहा इनिंग काका तोंडात शंकरपाळे कोंबून शांत बसले. ही त्यांची युक्ती होती. पोरींच्या सामन्याला सातच इनिंग असतात. सातव्या इनिंगमध्ये आमची टीम एका धावेने पुढे होती, समोरच्या दोघी बेसवर धावायला टपल्या होत्या, आणि एकच विकेट घ्यायची राहिली होती. विकेट म्हणतो, समजून घ्या. मीनलने घाम पुसला आणि काकांचं चघळणं थांबलं. ते तिच्या खांद्यांकडे बघत होते.

तिची कोच, भूगोल शिकवणाऱ्या एक बाई, मैदानात तिच्याकडे चालत निघाल्या. काकांचा हात आपोआप खिशात गेला. पॅड बाहेर आलं. "काका," मी म्हटलं, "शपथ घेतली आहे तुम्ही." त्यांना ऐकूही आलं नाही. मी पहिली ओळ वाचली, 'काढायला पाहिजे. तोंडाने श्वास घेऊन राहिली.' पुढे ते आणखी काहीतरी कोरत होते, पण तेवढ्यात बाई मीनलच्या पाठीवर थाप मारून परत फिरल्या. तिला ठेवली होती. काकांनी चिठ्ठी पॅडमधून फाडली, घडी घातली आणि दुसरं काही नव्हतं म्हणून डब्याच्या झाकणाखाली सरकवली.

पुढचा बॉल. समोरच्या पोरीने तो कुंपणापर्यंत घालवला. दोघी धावत 'होम'ला पोचल्या, म्हणजे दोन धावा झाल्या, सामना संपला, पलीकडच्या बाकांवर नाच सुरू झाला.

म्हणजे काका बरोबर होते. आयुष्यात इतके बरोबर ते कधीच नव्हते. बेसबॉल बघणारा प्रत्येक माणूस ज्या क्षणासाठी जगतो तो त्यांच्या डब्याच्या झाकणाखाली होता, स्वतःच्या अक्षरात, निकालाच्या आधी लिहिलेला.

मीनल कुंपणाच्या बाजूने आमच्याकडे आली. रडून झालं होतं. तिने आधी डब्याकडे पाहिलं, मग बापाकडे. "यू रोट वन," ती म्हणाली. "आय सॉ यू. व्हॉट डज इट से, बाबा?"

काकांनी झाकण उघडलं. शंकरपाळे उचलले, त्यांच्याबरोबर चिठ्ठी उचलली, आणि सगळं मिळून तोंडात टाकलं. शंकरपाळ्यांसोबत कागद चघळताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. गिळायला त्यांना बराच वेळ लागला. मग ते तिला म्हणाले, "मी कोच असतो तर तुलाच ठेवली असती." आणि डबा पुढे केला. "खा. थंडी आहे."

परतताना गाडी मी चालवली. काका शेजारी खिडकीबाहेर बघत होते. चौथी इनिंग आली नाही, पाचवी आली नाही. मागच्या सीटवर मीनल त्यांचं पॅड मांडीवर घेऊन पेन्सिलीने काहीतरी गिरगटत होती. घर आल्यावर तिने हातमोजा उचलला आणि आत नेला. ऑगस्टमध्ये तो तिच्याबरोबर कॉलेजात गेला.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला गॅरेजमध्ये एकट्याला गाठलं. "हे कोणाला बोलायचं नाही," ते म्हणाले. मी पुढची दोन वर्षं या मौनाच्या बदल्यात काकूंचा चिवडा घरपोच घेतला. कधी चिवडा यायला उशीर झाला, की मी सर्वांदेखत विचारायचो, "काका, कागद पचायला किती वेळ लागतो हो?" वॉल्टरला वाटे, हा काही वैद्यकीय प्रश्न असेल.

वाटी गॅरेजमध्ये राहिली, चिठ्ठ्याही चालू राहिल्या. फक्त काकांचा आवाज उतरला. मॅनेजर चुकला तरी ते आधी रेडिओकडे बघत, मग म्हणत, "त्या पोराचा चेहरा त्याला दिसून राहिला ना. आपल्याला कुठे दिसतो?" वॉल्टर याला म्हातारपण म्हणायचा. माझ्या लेखी काका आयुष्यात एकदाच खोटं बोलले होते, आणि इतकं चांगलं खोटं मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

गेल्या वर्षी काका गेले, झोपेतच. भूलतज्ज्ञाला शोभेल असे, असं काकूच म्हणाल्या, आणि मग आम्ही सगळे हसल्यावर रडल्या. दिवस झाल्यावर मीनल माझ्याकडे आली. आता ती स्वतः एका शाळेत पोरींची कोच आहे, शिवाय डॉक्टरही, म्हणजे आई-बाप दोघांचंही राहिलं. चहा घेता घेता तिने पर्समधून एक पिवळा पडलेला कागद काढला. औषध कंपनीच्या पॅडचा. त्यावर पेन्सिलीचा काळा थर, आणि थरातून उमटलेली पांढरी अक्षरं.

"बाबा किती प्रेस करून लिहायचे, ठाऊक आहे ना काका?" ती म्हणाली. त्याच दिवशी, गाडीत, त्यांच्या मागे बसून तिने खालचं पान पेन्सिलीने घासलं होतं. रविवारी सकाळी काकांनी रडवून रडवून शिकवलेली देवनागरी तिने त्या दिवशी पहिल्यांदा आपण होऊन वाचली. दोन ओळी वाचायला घर येईपर्यंतचा वेळ लागला. म्हणजे मी चिवडा घेत होतो ते सगळं फुकट. जिच्यापासून लपवायचं तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"त्यांना कधी सांगितलं नाहीस?"

"कशाला? ही वॉज सो हॅपी विथ हिज सीक्रेट." मग तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "आणि काका, बाबा खोटं नव्हते बोलले."

मी चष्मा लावला. पहिली ओळ मला पाठ होती. माझी नजर गेली ती दुसरीवर, जी त्या दिवशी काकांच्या हाताआड राहिली होती. बॉल पडायच्या आधी, नियमाप्रमाणे, तीन कार्बनच्या जोराने कोरलेली.

'मी कोच असतो तर नसती काढली.'